मळवलीच्या शिळांवरील चित्रें

तळेगांवच्या स्टेशनावर लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे वडगांव, कान्हे व कामशेत हीं स्थानकें मागें टाकून मळवलीचें लहानसें स्थानक येतें. डाव्या हातास लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले आणि त्यांच्या पायथ्याशीं भाज्याचीं लेणीं. उजव्या हातास, हमरस्ता ओलांडून, कार्ल्याचा डोंगर. येथें उतरणारे प्रवासी बहुधा किल्ला तरी पाहतात किंवा लेणीं तरी पाहतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच मळवलीच्या आसमंतांत एक छापखाना उभा राहिला, आणि तेथून बाहेर पडलेल्या लक्ष्मीच्या, सरस्वतीच्या व शकुंतलेच्या तसबिरी हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतील घरांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. त्या छापखान्याचें नांव रविवर्मा प्रेस. चित्रकार मनांत काय योजतो, हातानें काय करतो, आणि त्याविषयीं स्वतः काय सांगून ठेवतो, हें समजून घेण्यास आपल्या मावळांत याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. म्हणून त्याची हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम कार्ल्याचीच एक लहानशी गोष्ट सांगतों. तेथील चैत्यगृहांत ब्राह्मी लिपींतले अनेक लेख कोरलेले आहेत. बहुतेक लेख दात्यांचे आहेत. कोणीं खांब दिला, कोणीं शिल्प करविलें, याची त्यांत नोंद आहे. परंतु दाराजवळचा एक लेख पैसे देणाराचा नसून काम करणाराचा आहे. धेनुकाकट गांवचा राहणारा, वेणुवासाचा पुत्र सामी या सुतारानें हें दार केलें, एवढेंच त्यांत म्हटलें आहे. लेखांत सुतारास ‘वढकी’ म्हटलें आहे. तोच शब्द ‘वाढई’ या रूपानें विदर्भाकडे अद्यापि ऐकूं येतो. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा हा कलावंत आपल्या कामाविषयीं नांव, गांव व बापाचें नांव यांपलीकडे कांहीं बोलत नाहीं. तें काम त्यास कसें सुचलें, कोणतीं हत्यारें वापरलीं, कोठें चुकलें, हें सर्व त्याच्याबरोबर गेलें.

मळवलीच्या चित्रांच्या बाबतींत आपण अधिक सुदैवी आहों. राजा रविवर्मा यांनीं आपल्या कलेवर ग्रंथ लिहून ठेविला नाहीं; परंतु त्यांचे धाकटे बंधु सी. राजराजवर्मा हे स्वतः निपुण चित्रकार असून थोरल्या बंधूंचे सहायक, चिटणीस व प्रवासांतील सोबती होते. त्यांनीं १८९५ पासून १९०४ पर्यंत इंग्रजींत रोजनिशी ठेविली, व ती २००५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. कोणतें चित्र हातीं घेतलें, नमुन्यासाठीं कोण बसलें, कोठें प्रवास केला, कोणतें नाटक पाहिलें, छापखान्याची काय विवंचना आहे, अशा रोजच्या गोष्टी तींत आहेत. चित्रकारास चित्र एकाएकीं सुचतें, कोणी अदृश्य शक्ति येऊन त्याचा हात धरते, अशी आपली समजूत असते. ही रोजनिशी पाहिली म्हणजे ती समजूत बरीच ढिली पडते. सकाळचा उजेड, भाड्यानें आणलेलीं वस्त्रें, कंटाळून गेलेली नमुन्याची बाई, आणि तेंच काम दुसऱ्या दिवशीं पुन्हां, असा चित्रकाराचा खरा संसार असतो.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. त्यांचे मामा चित्रें काढीत; पहिले धडे त्यांजकडून मिळाले, आणि त्यांच्याच बरोबर मुलगा तिरुवनंतपुरच्या राजदरबारीं आला. तैलरंगांची विद्या त्या वेळीं नवी होती. दरबारांत ती जाणणारा चित्रकार होता, परंतु तो ती दुसऱ्यास सांगण्यास राजी नव्हता. १८६८ सालीं थिओडोर जेन्सन नांवाचा युरोपीय चित्रकार महाराजांची चित्रें काढण्यास आला. त्यानेंहि शिकविण्याचें नाकारलें. काम चाललें असतां पाहत बसण्याची मात्र परवानगी दिली. तेव्हां रविवर्मा पाहत बसले. शिकविणारा नाहीं म्हणून शिकतां येत नाहीं, अशी तक्रार करणाऱ्या मुलांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुढें पांचच वर्षांत, १८७३ सालीं, व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत त्यांच्या चित्रास बक्षीस मिळालें.

तैलरंगांत असें काय विशेष होतें? पाण्यांत कालविलेला रंग पाहतां पाहतां वाळतो. जवसाच्या तेलांत खललेला रंग वाळण्यास दिवस घेतो. तोंवर उजेडाची बाजू सावलीच्या बाजूंत हळूहळू मिसळतां येते. गालाचा गोलवा, रेशमाची चमक, मोत्यावरचा थेंबाएवढा उजेड हीं सर्व या सावकाश वाळण्यानें साधतात. वाळलेल्या थरावर दुसरा पातळ थर दिला कीं खालचा रंग आंतून डोकावतो. तंजावरकडील जुन्या चित्रांत सोन्याचा वर्ख असे, खडे बसविलेले असत, पण मनुष्य सपाट दिसे. रविवर्म्यांची दमयंती जणूं हात लावला तर ऊन लागेल अशी दिसली, आणि लोक थक्क झाले.

विषय अर्थात् पुराणांतले होते. घरांत संस्कृत विद्या होती. रविवर्मा स्वतः संस्कृत जाणत. परंतु पुराण वाचून द्रौपदीचें लुगडें कसें होतें तें कळत नाहीं, आणि चित्रकारास तें कळलेंच पाहिजे. त्याला ‘सुंदर वस्त्र’ असें लिहून सुटतां येत नाहीं. १८८८ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं चौदा पौराणिक चित्रांचें काम सांगितलें, तेव्हां हे दोघे बंधु हिंदुस्थानभर हिंडले. लेणीं, देवळें, बाजार व लोकांचे वेष पाहिले. सर्व देशास आपलासा वाटेल असा एक वेष त्यांस हवा होता. शेवटीं त्यांच्या पुष्कळ नायिकांच्या अंगावर आलें तें आपल्याकडील नऊवारी धर्तीचें लुगडें. म्हणजे मलबारच्या चित्रकारानें निषध देशच्या राणीला महाराष्ट्राचें लुगडें नेसविलें! इतिहासाच्या दृष्टीनें याला आधार नाहीं. परंतु पुढें अनेक प्रांतांतल्या लोकांस देवी व राण्या याच वेषांत दिसूं लागल्या, ही त्या प्रवासाची फलश्रुति होय. मुंबईस असतां दोघे बंधु नाटकें आवडीनें पाहत. अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल १८८० सालींच रंगभूमीवर आलें होतें, व पौराणिक नाटकांचा तो ऐन भर होता. चित्रांतील पात्रें रंगमंचावर उभीं असल्यासारखीं दिसतात, असा जो आक्षेप पुढें टीकाकारांनीं घेतला, त्याचें मूळ येथें आहे. आक्षेप खरा आहे. पण मला तो दोष वाटत नाहीं.

काम दोघांचें मिळून होई, हेंहि विसरतां कामा नये. राजराजवर्मा यांचा हात निसर्गदृश्यांत चांगला होता. अनेक चित्रांत मागील डोंगर, झाडी व आकाश त्यांचें आहे. चित्राखालीं सही मात्र एकाचीच.

आतां छापण्याकडे वळूं. एक तैलचित्र एका राजवाड्यांत जाई व तेथेंच राही. दिवाण सर टी. माधवराव यांनीं १८८४ सालींच रविवर्म्यांस सुचविलें होतें कीं, सर्व मागणारांस पुरें पडणें दोन हातांस शक्य नाहीं. कांहीं चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या छापील प्रति करवून घ्याव्या. रविवर्म्यांनीं पुढें छापखानाच येथें आणावयाचें ठरविलें. १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत यंत्रें बसलीं, जर्मनीहून कारागीर आले, आणि शकुंतलेच्या जन्माचें चित्र पहिलें छापून निघालें. दोन वर्षांनीं मुंबईंत प्लेग आला, गांव ओस पडूं लागलें. छापखाना आधीं घाटकोपरास व १८९९ च्या सुमारास आपल्या मळवलीस आला. म्हणून जुन्या तसबिरींच्या तळाशीं बारीक इंग्रजी अक्षरांत ‘रविवर्मा प्रेस, कारला, लोणावळा’ असें छापलेलें आढळतें.

रंगीत चित्रें छापणारे हे आपल्याकडील पहिलेच नव्हत. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापानें मराठी पंचांग काढलें होतें, व पुण्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें १८७८ सालीं चित्रशाळा निघाली होती. शिळाछापाची मूळ युक्ति त्याहूनहि जुनी, म्यूनिकच्या आलोइस सेनेफेल्डर याची. हा गृहस्थ नाटककार. आपलीं नाटकें स्वस्तांत छापतां यावीं म्हणून दगडांवर प्रयोग करीत होता. १७९६ च्या सुमारास एके दिवशीं आईनें परटाकडे जाणाऱ्या कपड्यांची यादी लिहावयास सांगितली. कागद जवळ नव्हता, म्हणून मेण, साबण व काजळी यांच्या शाईनें ती त्यानें घांसलेल्या दगडावरच लिहिली, आणि त्यावरून पुढचा शोध लागला. ही हकीकत त्यानें स्वतःच १८१८ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. सामीच्या चार शब्दांपुढें हा मनुष्य बोलका खरा!

या युक्तीचें मर्म प्रत्येक मुलास घरीं पाहतां येईल. दगडी पाटी घ्या, तिच्यावर मेणबत्तीनें एक फूल काढा, आणि ओल्या फडक्यानें पाटी पुसा. पाटी ओली होईल, फुलाच्या रेघा कोरड्या राहतील. आतां तेलकट काळा रंग बोळ्यानें हलकेच फिरवा. तो ओल्या जागेस टाळील व मेणाच्या रेघांस चिकटेल. तेल आणि पाणी यांचें जमत नाहीं, या एका गोष्टीवर सबंध शिळाछाप उभा आहे. दगडावर कोरावयाचें कांहीं नाहीं. उंच नाहीं, सखल नाहीं. सपाट पृष्ठभागावरील एक भाग शाई घेतो व दुसरा घेत नाहीं, इतकेंच.

छापखान्यांत यासाठीं बव्हेरियांतील सोल्नहोफेन येथील बारीक कणाचा चुनखडीचा दगड लागे. त्यावर वाळू व पाणी घालून तो घांसून घांसून सपाट करीत. मग त्यावर तेलकट खडूनें किंवा शाईनें, तेंहि उलटें, चित्र काढीत. कारण छापतांना डावें उजवें होतें. नंतर डिंकाचें पाणी व किंचित् नत्राम्ल फिरविलें म्हणजे चित्राचा तेलकटपणा दगडांत पक्का बसे आणि उरलेला भाग पाणी धरून ठेवण्यास तयार होई. प्रत्येक प्रतीच्या वेळीं दगड आधीं ओला करावयाचा, मग त्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा, मग कागद दाबावयाचा.

हें झालें एका रंगाचें. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि येथेंच खरी कसोटी लागे. समजा, लक्ष्मीचें चित्र समोर आहे: ती कमळावर उभी, चार हात, बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, अंगावर तांबडें लुगडें. दगडावर काढणाऱ्या कारागिरास हें चित्र चित्र म्हणून पाहून चालत नाहीं. त्यास मनांत त्याची फोड करावी लागते. लक्ष्मीच्या गालांत पिवळा किती आहे? गुलाबी किती? कानाखालच्या सावलींत तपकिरी आहे कीं थोडा निळाहि आहे? पिवळ्याची शिळा काढतांना तो फक्त पिवळा पाहतो, आणि तोहि सर्व चित्रांत कोठें कोठें लपला आहे तो. पानांच्या हिरव्यांत पिवळा आहे, लुगड्याच्या नारिंगी छटेंत आहे, सोन्यांत आहे, कांतींत आहे. जेथें रंग दाट हवा तेथें बारीक ठिपके जवळ जवळ, विरळ हवा तेथें दूर दूर. हे ठिपके हातानें एकेक घालावयाचे. असे दहा-पंधरा दगड एका चित्रास सहज लागत, कधीं याहून अधिकहि. फिके रंग आधीं, गडद मागाहून. एकाच्या अंगांतून दुसरा दिसतो आणि डोळा त्यांचा मेळ घालून त्यास ‘गाल’ म्हणतो.

हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक पाहावें. बारा रंगांच्या चित्राच्या एक हजार प्रति काढावयाच्या, म्हणजे कागद यंत्राखालून बारा हजार वेळां गेला पाहिजे. प्रत्येक वेळीं मागचा रंग वाळलेला हवा, आणि प्रत्येक वेळीं कागद त्याच जागीं, केसभरहि न सरकतां बसला पाहिजे. यासाठीं कोपऱ्यांत फुलीच्या खुणा केलेल्या असत. कागद तर ओलावला कीं वाढतो, सुकला कीं आखडतो. आणि आपल्या मावळाचा पाऊस कसा असतो, हें येथील वाचकांस सांगावयास नको. जुन्या तसबिरींत कधीं ओठांचा तांबडा रंग हनुवटीकडे घसरलेला दिसतो. तो कागदाचा किंवा बसवणाऱ्या हाताचा दोष असतो. शेवटीं चित्रावर रोगण चढवीत, कधीं कापडाच्या विणीचा उठाव देत, म्हणजे कागदावरचें चित्र तैलचित्रासारखें भासे. घरीं नेल्यावर बायका त्यावर जरीच्या कांठाचे तुकडे व टिकल्या शिवून देवीस आणखी नटवीत. त्यांस तो आपलाहि हात लावण्याचा हक्क वाटे, आणि माझ्या मतें तो होताच.

हे ठिपके घालणारे कोण होते? प्रथम जर्मन कारागीर, मग त्यांच्या हाताखालीं शिकलेले येथील लोक. तसबिरीवर चित्रकाराचें नांव आहे, छापखान्याचें आहे, स्थळाचें आहे. ज्यानें लक्ष्मीचा चेहरा बारा दगडांवर उलटा काढला, त्याचें नाहीं. रविवर्म्यांचा गाल तैलरंगांत जितका मऊ आहे, तितका छापांत उतरत नाहीं, अशी तक्रार जाणते लोक करतात, व ती खरी आहे. मूळ तैलचित्र व छाप शेजारीं ठेविले तर छापांतली देवी थोडी कठोर व अधिक भडक दिसते. पण त्या दोहोंमध्यें एक अख्खा दुसरा चित्रकार उभा आहे, हें तक्रार करतांना ध्यानांत येत नाहीं.

आणि जें हरवलें त्याच्या उलट बाजूस काय मिळालें, तेंहि पाहिलें पाहिजे. ज्या त्रावणकोरांत रविवर्मा जन्मले, तेथें अस्पृश्य मानलेल्या लोकांस संस्थानच्या देवळांत जाण्याची मोकळीक १९३६ सालीं मिळाली. आपल्याकडे नाशिकास काळारामाच्या दाराशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला तो १९३० सालीं. मळवलीच्या तसबिरी त्यापूर्वीं कित्येक वर्षें बाजारांत विकल्या जात होत्या, आणि विकणारा दुकानदार गिऱ्हाइकास पैसे विचारी, जात विचारीत नसे. ज्यास गाभाऱ्यांतील मूर्ति लांबूनहि पाहूं देत नसत, त्याच्या झोपडींत ती समोरासमोर, पूर्ण उजेडांत, डोळ्यांस डोळा देऊन उभी राहिली. ख्रिस्ती कुटुंबांतहि याच पद्धतीनें युरोपांत छापलेलीं प्रभु येशूचीं व पवित्र मरीयेचीं चित्रें भिंतीवर असत. रंगांचा भडकपणा मोजतांना हेंहि तराजूंत घालावें.

धंदा म्हणून मात्र छापखाना रविवर्म्यांस लाभला नाहीं. कर्ज वाढत गेलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींच त्यांनीं तो आपल्याच छापखान्यांतील जर्मन तज्ज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांस विकला. राजराजवर्मा १९०५ सालीं वारले. रोजनिशी लिहिणारा हात थांबला. २ ऑक्टोबर १९०६ रोजीं रविवर्माहि गेले. श्लायखर यांनीं छापखाना चालता ठेविला, इतर चित्रकारांचींहि चित्रें घेतलीं, दिनदर्शिका व मालाच्या जाहिराती छापल्या. दादासाहेब फाळके यांनीं उमेदवारीच्या दिवसांत या छापखान्यासाठीं काम केलें होतें. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यांनीं दाखविला, तेव्हां त्यांतील राजा-राणी प्रेक्षकांस ओळखीचे वाटले असतील, यांत नवल नाहीं.

रविवर्मा प्रेसनें ज्यांचीं चित्रें छापलीं, त्यांत कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचे. कारण त्यांनीं स्वतःच्या कामाविषयीं मराठींत लिहून ठेविलें. १८९० सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून आले आणि तेथेंच शिक्षक होऊन १९३१ पर्यंत राहिले. त्या काळाच्या आठवणी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या नांवानें १९४० सालीं प्रसिद्ध झाल्या. चित्रकार कसा घडतो हें आपल्या भाषेंत वाचूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें तें पुस्तक ग्रंथालयांत अवश्य मागावें.

१९७२ सालीं मळवलीच्या छापखान्यास आग लागली. यंत्रें व छापील चित्रांचा मोठा साठा तींत गेला. पण ज्यांच्या घरीं आजी-पणजीच्या वेळची तसबीर आहे, त्यांनीं भिंग घेऊन ती उजेडांत पाहावी. कांचेच्या आंत लक्ष्मीच्या गालावर पिवळे, गुलाबी, तपकिरी असे बारीक, वेडेवांकडे ठिपके दिसतील. नंतर आजच्या एखाद्या रंगीत मासिकाचें पान त्याच भिंगाखालीं धरावें. तेथेंहि ठिपके आहेत, आणि ते पान बहुधा तेल-पाण्याच्या त्याच युक्तीनें छापलेलें आहे, फक्त दगडाच्या जागीं धातूचा पत्रा आला आहे. परंतु आजचे ठिपके कवाइतीस उभ्या असलेल्या शिपायांसारखे एका ओळींत असतात. जुने तसे नाहींत. कोठें दोन चिकटलेले, कोठें एक चुकून मोठा पडलेला.

कार्ल्याच्या सामीचें नांव दगडांत कोरलेलें आहे, म्हणून तें राहिलें. शिळाछापाच्या दगडाची रीत वेगळी. तो दगड महाग, परदेशाहून आणलेला. हव्या तितक्या प्रति निघाल्या आणि चित्राची गरज संपली, कीं त्यावर पुन्हां वाळू व पाणी घालीत, आणि पुढच्या चित्रासाठीं तो घांसून कोरा करीत.